दहाव्याला सांगितलेलं लाहोर

आमच्या गावात बबनराव ओव्हाळांशी सध्या आठ-दहा घरंच बोलतात. त्यांच्या स्वतःच्या घरातही फार वेगळं नाही. सून राजश्री सकाळी चहाचा पेला त्यांच्यापुढं ओट्यावर ठेवते आणि एक शब्द न बोलता आत जाते. हे सगळं पावणेदोनशे वर्षांपूर्वी लाहोरात जे झालं त्यापायी घडलं, असं सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. म्हणून झालं तसं लिहितो. मी इथल्याच शाळेत एकवीस वर्षं शिकवलं, आणि यातली सगळी माणसं मी जवळून पाहिली आहेत.

बबनरावांचं वय चौऱ्याहत्तर. अंगानं काटक, पांढरा शर्ट, वरचं बटण कायम लावलेलं. रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर जायची त्याचा सांधा फिरवणारे. चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली सव्वीस दौंडला. निवृत्त होऊन गावी आले ते दोन सवयी घेऊन. एक, गार झाल्याशिवाय चहा प्यायचा नाही. दुसरी, समोरच्यानं चुकीचं सांगितलं तर ते दुरुस्त केल्याशिवाय उठायचं नाही. एकदा पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुण्यांनी भाषणात एक सन चुकीचा सांगितला, तर बबनराव पोरांच्या मागून उभे राहून म्हणाले, "साहेब, दोन वर्षं पुढं गेला तुम्ही." पाहुणे हसले, पण पुन्हा आमच्या शाळेत आले नाहीत.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांच्या शेजारी मेवासिंग नावाचे इंजिन ड्रायव्हर राहायचे, तरनतारनकडचे. पहिली ओळख झाली ती भांडणातून. नळाला तासभर पाणी यायचं आणि मेवासिंग आधी आपले केस धुवायचे. बबनरावांनी त्यांची बादली उचलून बाजूला ठेवली. "ओए, ये क्या कर रहा है?" "नंबर माझा हाय." दोघं आठ दिवस एकमेकांकडं पाठ करून बसले. मग एका हिवाळ्यात दोघांच्याही ड्यूट्या एकाच वेळी सुटू लागल्या आणि शेकोटीला बोलणं सुरू झालं. मेवासिंग पंजाबच्या महाराजा रणजितसिंगाची गोष्ट सांगायचे. अठरा वर्षांच्या पोरानं लाहोर कसं घेतलं, एका डोळ्याच्या राजानं बारा गटांचे बारा पुढारी एका छताखाली कसे आणले, काबूलच्या वाटेवरल्या खिंडीपासून सतलजपर्यंत त्याचा शब्द कसा चालायचा.

दोन हिवाळे ही गोष्ट चढतच राहिली. शेवटी बबनरावांनी विचारलं, "मग ते गेलं कुठं सगळं?" मेवासिंग म्हणाले, "बाद में बताऊँगा." ते 'बाद में' काही आलं नाही. पुढं बबनराव पास काढून अमृतसरला गेले, तिथून एक हिंदी पुस्तक आणलं आणि राजाच्या मरणानंतरची दहा वर्षं वाचली. परत आले ते थेट शेजारच्या दारात. "तुम्ही मला अर्धंच सांगितलं. अर्धं सांगितलेलं खोटंच असतं." मेवासिंगांनी दार लावून घेतलं. महिनाभर बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी स्वतः आले, खाटेवर बसले आणि उरलेलं सगळं सांगितलं. सांगताना रडले. तेव्हापासून बबनरावांनी ही गोष्ट कधी अर्धी सांगितली नाही. शाळेत माझ्या सातवीच्या वर्गाला दरवर्षी सांगायचे, आणि घंटा झाली तरी शेवट झाल्याशिवाय पोरांना सोडायचे नाहीत.

गावात ही गोष्ट सगळ्यात जास्त वेळा ऐकली ती हौसरावांनी. हौसराव म्हणजे आमच्या दूध संस्थेचे संस्थापक, पंधरा वर्षं सरपंच, तीस एकराचे बागायतदार. गाव त्यांना आबा म्हणायचं. बबनराव आणि ते चौथीपर्यंत एका वर्गात होते. लोकांत 'हौसराव' आणि 'बबनराव', एकटे असले की 'हौश्या' आणि 'बबन्या'. दूध संस्था काढली तेव्हा गावात तीन गट होते, आणि तिन्ही गटांचं दूध तीन गवळ्यांकडं जायचं. हौसरावांनी ते एका ठिकाणी आणलं. आणि आणखी एक केलं, ज्याबद्दल सुरुवातीला त्यांनी शिव्या खाल्ल्या. रांग एकच. बौद्ध वस्तीतली किटली असो की पाटलाची, जी आधी येईल तिचं माप आधी. चाळीस वर्षं ती रांग मोडली नाही.

राजश्रीचं दूध बौद्ध वस्तीतून त्याच रांगेत जायचं. दोन म्हशी, एक जर्सी गाय, रोजचं चौदा-पंधरा लिटर. नवरा सम्राट कारखान्यात कंत्राटावर, आज आहे उद्या नाही. म्हशी मात्र तिच्या होत्या. माहेरच्यांनी दिलेली एक आणि तिनं वाढवलेली एक. दुधाच्या बाबतीत ती इतकी काटेकोर होती की किटली धुतल्यावर उन्हात पालथी घालून वाळवल्याशिवाय तिच्यात धार काढायची नाही. संस्थेत तिचं फॅट कायम वरचं लागायचं, आणि त्याचा तिला अभिमान होता. तो ती लपवायचीही नाही.

हौसरावांना शेवटच्या वर्षी शिरूरला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. त्यांची दोन मुलं, थोरला इंद्रजीत आणि धाकटा विश्वजीत, तोवर एकमेकांच्या गाडीतही बसत नव्हती. बापाला न्यायला एका वारी एक आणि दुसऱ्या वारी दुसरा. संस्थेचा पुढचा चेअरमन कोण, हा प्रश्न होता. दोघांनाही तो सुटलेला वाटत होता, प्रत्येकाला आपल्या बाजूनं.

जाण्याआधी महिनाभर, एका दुपारी मी आणि बबनराव त्यांना भेटायला गेलो होतो. गोठ्याजवळच्या खाटेवर ते पडून होते. साखरबाई, त्यांची पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या.

हौसराव म्हणाले, "बबन्या, माझ्या दहाव्याला तू बोल."

"पुढारी हायेत की बोलाया."

"पुढारी बोलत्यात ते कोण ऐकतंय? तू ती लाहोरची सांग. चढती बी सांग आन् पडती बी सांग. पडती इसरू नको."

"पोरं चिडतील, हौश्या."

"माझं ऐकत न्हाईत. घरात सांगून दमलो. लोकांत कानावर पडंल. चिडू दे. चिडलं की ध्यानात ऱ्हातं."

साखरबाई कपबशा उचलून आत गेल्या. त्यांनी ऐकलं होतं. मी ऐकलं होतं. आमच्या चौघांशिवाय तिथं कोणी नव्हतं.

दहावा नदीच्या घाटावर झाला. आमच्याकडं मोठ्या माणसाचा दहावा म्हणजे सभाच असते. मंडप, खुर्च्या, आधी महाराजांचं प्रवचन, मग एकेका पुढाऱ्याची श्रद्धांजली. घाटाच्या वाटेवर दोन फ्लेक्स लागले होते. दोन्हींवर हौसरावांचा फोटो मोठा, खाली एकावर फक्त इंद्रजीत आणि दुसऱ्यावर फक्त विश्वजीत. दोघं मुंडण करून मंडपाच्या दोन टोकांना बसले होते. माणसं आधी कोणाला भेटायचं ते ठरवून आत येत होती.

सात पुढारी बोलले. आठवं नाव बबनरावांचं पुकारलं गेलं, ते साखरबाईंनी आधीच निरोप दिला होता म्हणून. हृतिक म्हणून इंद्रजीतचं मोबाईलवरचं सगळं काम बघणारा पोरगा आहे, तो सगळ्यांची भाषणं रेकॉर्ड करत होता.

"मंडळी, हौसराव गेले," बबनराव म्हणाले. "त्यांच्यावानी एक माणूस मला ठावं हाय. लई लांबचा."

मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, "आलं लाहोर." थोडं हसू झालं. पण चढती बाजू त्यांनी अशी सांगितली की घाट शांत झाला. एकमेकांच्या शेतात मेंढरं घालणारे बारा पुढारी एका माणसानं कसे जोडले. त्याचा परराज्यांशी बोलणारा वजीर मुसलमान, त्याचे तोफखान्याचे गोरे फ्रेंच, त्याचे दिवाण हिंदू, आणि दरबारात बसायला सगळ्यांना एकच सतरंजी. "हौसरावनं रांग एकच ठेवली, ते ह्याच्यापरीस कमी न्हाई," असं ते म्हणाले तेव्हा दोन्ही भावांनी एकाच वेळी मान हलवली. साखरबाईंनी पदर डोळ्याला लावला.

सूत्रसंचालकानं 'आवरतं घ्या' अशी चिठ्ठी पुढं सरकवली. बबनरावांनी ती घडी करून खिशात ठेवली.

"आता पुढचं. राजा मेला अठराशे एकुणचाळीस साली. थोरला गादीवर बसला. त्याला अफूची सवय. सव्वा वर्षात तो गेला. लोक म्हणत्यात, इख घातलं. त्याला अग्नी देऊन त्याचा पोरगा माघारी येत व्हता, तर दरवाजाची कमान अंगावर पडली. बाप आन् लेक एका दिवशी."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी मान वर करून मंडपाच्या कमानीकडं बघितलं.

"मग दुसरा पोरगा आला. त्याला चुलतभावकीतल्या माणसानं नवी बंदूक दाखवाया आणली. दाखवता दाखवता उडाली. असं चार वर्षं चाललं. इंग्रज कुठं व्हता? सतलजच्या पल्याड. नुसता बसून व्हता. हेच त्याला एकमेकांची दारं उघडून दावीत व्हते. मग लढाई लागली. फौज लढली, मरंस्तवर लढली. पण वर कोण? लालसिंग आन् तेजसिंग. दोघांची आधीच तिकडं बोलणी. सोबरावला नदीवर होड्यांचा पूल व्हता, माघारी यायची तेवढीच वाट. तेजसिंग निघून गेला आन् पूल तुटला. तोडला म्हणत्यात. फौज नदीत बुडाली."

सूत्रसंचालक घड्याळाकडं बघत होता.

"चाळीस वर्षं लागली बांधाया, दहा वर्षांत कागदावर सही. सही कुणाची? दहा वर्षांच्या लेकराची. राजाच्याच धाकट्या लेकाची. हौसरावची संस्था बी चाळीस वर्षांची हाय. बास. एवढंच सांगायचं व्हतं."

ते खाली उतरले. महाराजांनी घाईघाईनं 'पुंडलिक वरदे' म्हणून घेतलं. मागून स्पष्ट आवाज आला, "ह्यांच्या हातात माइक दिलाच कुणी?" 'ह्यांच्या' हा शब्द ज्या सुरात आला तो मला ओळखीचा आहे. जातीचं नाव घेतलं गेलं नाही. गरज नव्हती.

हात धुवायच्या नळापाशी विश्वजीतनं बबनरावांना गाठलं. धाकटी माणसं त्यांना आप्पा म्हणतात. "आप्पा, तेजसिंग कोण?"

"तेजसिंग सेनापती व्हता. मेरठकडचा."

"ते न्हाई इचारलं. मी का दादा?"

"तू विश्वजीत हाईस."

"लई शाने हाय तुम्ही. दादानं किती वेळा पाठ करून घेतलं?"

दहा पावलांवर इंद्रजीत दुसऱ्या कोणाला सांगत होता, "धाकट्यानं बापाच्या दहाव्याला भाडोत्री वक्ता आणला."

संध्याकाळपर्यंत मोबाईलवर चाळीस सेकंदांचा तुकडा फिरू लागला. कोणी बनवला ते आजवर कळलं नाही. हृतिक शपथेवर सांगतो की त्यानं फक्त रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. त्या तुकड्यात 'लालसिंग' म्हटलं की इंद्रजीतचा मुंडण केलेला फोटो येत होता आणि 'तेजसिंग' म्हटलं की विश्वजीतचा. शेजारच्या चार गावांत तो पोचला. शिरूरच्या मार्केट यार्डात अडते इंद्रजीतला "या लालसिंग" म्हणू लागले. दोघा भावांची खात्री पटली की हे दुसऱ्याचं काम आहे आणि बबनराव त्याचं हत्यार.

सहाव्या दिवशी सकाळी राजश्री संस्थेत रांगेत उभी होती. तिचा नंबर आला. मल्हारी, दूध तपासणारा, त्यानं नमुना मशिनमध्ये लावला, बघितला आणि किटली परत सरकवली.

"वैनी, पाणी हाय."

"काय हाय?"

"पाणी. दाटपणाची डिगरी लागंना."

"मल्हारीभावजी, परत लावा. माझ्याम्होरं लावा."

"मशिन खोटं बोलतंय व्हय?"

"मशिन न्हाई बोलत. तुम्ही बोलताय. माझ्याकडं बघून बोला."

मल्हारी बघू शकला नाही. तो वाईट माणूस नाही. माझाच विद्यार्थी, बेरीज-वजाबाकी उत्तम. पण त्याची नोकरी संस्थेत आणि संस्था त्या दोघांच्या हातात. रांगेत मागून एक बाई म्हणाली, "पाणी घालायची सवय एका दिवसात लागती का? कवाची आसंल." राजश्रीनं किटली उचलली आणि त्या सगळ्यांच्या समोरून चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. घरात दही झालं, खवा झाला, पुन्हा दही झालं. चौथ्या दिवशी तिनं उरलेलं दूध बबनरावांच्या समोर मोरीत ओतलं.

"तुमचं लाहोर पडून पावणेदोनशे वर्षं झाली, आप्पा. माझं दूध आज पडलं. कुणी म्हणावं माझ्या दुधात पाणी? आईनं दिलेली म्हस हाय ती."

"मी बघतो," बबनराव म्हणाले.

"बघू नका. माफी मागा. दोन शब्द बोलायला तुमच्या जिभेला काय काटं लागत्यात? दहाव्याला वीस मिन्टं बोलला की."

बबनराव माफी मागायला तयार झाले. हे लिहिताना मला पुन्हा आश्चर्य वाटतं, कारण मी त्यांना कधी कोणाची माफी मागताना बघितलं नव्हतं. रविवारी संस्थेच्या हॉलमध्ये बैठक ठरली. साठ-सत्तर माणसं. साखरबाई बायकांत भिंतीला टेकून बसल्या होत्या. राजश्री दारात उभी, आत आली नाही.

बबनराव उभे राहिले. "ती गोष्ट सांगायची ती जागा न्हवती. दुखाचं घर. साखरबाई वैनींना तरास झाला. चूक माझी. मी माफी मागतो."

साधं, सरळ. मला वाटलं, मिटलं. माणसं खुर्च्या सरकवू लागली.

विश्वजीत म्हणाला, "माफी मान्य. फक्त एक सांगा. तुम्हाला हे बोलाया कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगंल?"

"उगं न्हाई बोलला तुम्ही. नाव सांगा. उद्यापास्नं दूध चालू."

"बरोबर हाय," इंद्रजीत दुसऱ्या बाजूनं म्हणाला. "नाव पाहिजे. मग रेकॉर्डला घेऊन टाकू, दुधात पाणी न्हवतं म्हणून."

वर्षभरात दोघा भावांचं कशावर तरी एकमत झालं ते त्या एका वाक्यावर. प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव हवं होतं. खरं नाव तिसरंच होतं. ते भिंतीवर हार घालून टांगलेल्या फोटोखाली लिहिलेलं होतं. बबनरावांनी ते घेतलं असतं तर राजश्रीची किटली दुसऱ्या दिवशी रांगेत लागली असती. आणि सगळ्या गावासमोर, साखरबाईंसमोर हेही सिद्ध झालं असतं की बापाचा आपल्या दोन्ही पोरांवर भरवसा नव्हता, इतका की ते सांगायला त्यानं दुसऱ्याच्या तोंडाचा आधार घेतला.

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. बबनरावांनी माझ्याकडं न बघता, बसा म्हणून, पंजा खाली केला. साखरबाई जमिनीकडं बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना त्या दोघांच्याच घरात जेवायचं होतं.

"कुणी सांगितलं न्हाई," बबनराव म्हणाले. "माझ्याच डोस्क्यातलं हाय."

"खोटं," विश्वजीत म्हणाला.

"मग खोटं."

"ह्या वस्तीला बसवून घेतलं आबांनी डोक्यावर," कोणीतरी मागून म्हणालं. "भोगा आता." सम्राट ताडकन उभा राहिला. बबनरावांनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. बैठक तिथंच मोडली.

चार दिवसांनी मी राजश्रीला खरं काय ते सांगितलं. बबनरावांनी मला बजावलं होतं, तरी सांगितलं. वाटलं, तिचा राग उतरेल. ती गोठ्यात शेण भरत होती. पाटी खाली न ठेवता तिनं सगळं ऐकलं.

"म्हंजी आबांनी सांगितलं व्हतं."

"हो."

"आन् ह्यांनी सांगितलं न्हाई. मेलेल्या माणसाच्या घरची अब्रू राखली, जित्या सुनेची न्हाई राखली." ती पाटी घेऊन उकिरड्याकडं निघाली. जाता जाता म्हणाली, "गुरुजी, तुम्ही बी तिथं व्हता न्हवं?"

मी गोठ्यातून बाहेर आलो.

पुढच्या सोमवारपासून तिनं दूध न्हावऱ्याला न्यायला सुरुवात केली, स्कुटीवर, सात किलोमीटर. तिथल्या डेअरीत पहिल्याच दिवशी म्हशीच्या दुधाला फॅट लागलं सहा पूर्णांक आठ. तिनं त्या पावतीचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षरही लिहिलं नाही. दोनशे चाळीस माणसांनी तो बघितला आणि कोणी काही बोललं नाही. त्या रात्री मल्हारी मात्र ग्रुपमधून बाहेर पडला.

दिवाळीला संस्था फुटली. इंद्रजीतनं जुन्या इमारतीत राहून संस्थेचं नाव आपल्याकडं ठेवलं. विश्वजीतनं रस्त्यापलीकडं पत्र्याचं शेड टाकून दुसरं केंद्र काढलं. दोन मशिनं, दोन भोंगे, दोन रांगा. कोणत्या घरानं कोणत्या रांगेत उभं राहायचं यावरून भावकीत, आणि एका घरात तर नवराबायकोत मारामारी झाली. दोन्हीकडं दूध कमी पडू लागलं, तशी एका खाजगी डेअरीची टेम्पो गाडी गावाबाहेर फाट्यावर येऊन उभी राहू लागली. ती काहीच करत नव्हती, नुसती उभी असायची. महिन्याभरात तिच्यापुढं तिसरी रांग लागली.

लोक बबनरावांना म्हणू लागले, "आप्पा, खरं झालं की तुमचं." त्यावर ते इतके चिडले की एकाच्या अंगावर काठी घेऊन धावले. "खरं व्हावं म्हणून सांगितलं व्हतं व्हय रे?"

आणि मग दोन्ही भाऊ आले. आधी इंद्रजीत. मी त्या वेळी ओट्यावरच होतो. बरोबर हृतिक, हातात मोबाईल.

"आप्पा, झालं गेलं सोडा. तुमचं बरोबर व्हतं. गुरुवारी माझी सभा हाय. तीच गोष्ट सांगायची. फक्त तेजसिंग कोण ते जरा नीट सांगायचं, म्हंजी लोकांना कळंल."

"तेजसिंग एकटा न्हवता," बबनराव म्हणाले. "लालसिंग बी व्हता."

इंद्रजीतनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "वैनींचं दूध उद्यापास्नं आपल्याकडं. रांगेत बी उभं ऱ्हायला नको, सरळ आत."

राजश्री दारात आली. "पाणी असलेलं चालंल का तुमाला?"

"ती मल्हारीची चूक व्हती."

"मग तसं ग्रुपवर टाका. माझ्या दुधात पाणी न्हवतं, तुमच्या सांगण्यावरनं परत केलं, असं. तुमच्या नावानं. मग बघू."

इंद्रजीत हसला. "त्येवढं कशाला आता?"

"मग न्हावरं काय लांब न्हाई."

तिसऱ्या दिवशी विश्वजीत आला. मागणी तीच, तेजसिंग तेवढा बदललेला. राजश्रीनं त्यालाही तीच अट घातली. तो थोडा विचार करून म्हणाला, "टाकतो की. पण आधी दादाला टाकू द्या. सुरुवात त्यानं केली व्हती."

"त्येनं टाकलं की या मग."

"आप्पा, तुम्ही तरी सांगा हिला," विश्वजीत म्हणाला.

बबनरावांनी तोंड उघडलं. राजश्री त्यांच्याकडं वळली. बैठकीनंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याशी थेट बोलत होती.

"तुम्ही गप बसा, आप्पा. तुम्ही एकदा बोलला न्हाई तवा बोलायचं व्हतं. आता माझं मी बोलती."

विश्वजीत गाडीत बसून गेला.

हे लिहितोय तोवर दोघांपैकी कोणीही ते वाक्य ग्रुपवर टाकलेलं नाही. राजश्री रोज पहाटे साडेपाचला निघते. किटली स्कुटीच्या मागं बांधायचं काम बबनरावांनी न सांगता आपल्याकडं घेतलं आहे. ते दोरीला दोन वेढे देतात, गाठ मारतात, ओढून बघतात आणि बाजूला होतात. ती येते, ती गाठ सोडते, आपल्या हातानं पुन्हा बांधते आणि गाडी चालू करते.